प्राचीन इजिप्तवरचे पुस्तक घेण्याआधी काय तपासावे

ग्रंथालयात शिरलात की आधी ९३२ हा आकडा शोधा. ड्यूई पद्धतीने पुस्तके लावलेली असतील तिथे प्राचीन इजिप्तचा इतिहास याच क्रमांकाखाली असतो. ९६२ पाशी गेलात तर हाती लागेल तो आजचा इजिप्त, म्हणजे नासर आणि सुएझचा कालवा. शिवाय जुना धर्म २९९ मध्ये, भाषा आणि लिपी ४९३ मध्ये, कला ७०९ मध्ये अशी ही पुस्तके विखुरलेली असतात, त्यामुळे एका कपाटासमोर उभे राहून 'इथे दोनच आहेत' म्हणून परतू नका. संगणकावर शोधताना 'इजिप्त', 'ईजिप्त' आणि 'मिसर' असे तिन्ही शब्द टाकून बघा. मराठीत तिन्ही रूढ आहेत आणि यंत्राला ते एकच आहेत हे कळत नाही.

पणजीत पाटोवर असलेले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय मुळात १८३२ साली सुरू झाले. फ्रेंच अभ्यासक शांपोल्याँने हायरोग्लिफ, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवले ते १८२२ मध्ये, म्हणजे त्याच्या अवघी दहा वर्षे आधी. इजिप्तच्या लोकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेले जे काही आपण वाचतो ते सगळे या दोनशे वर्षांत वाचले गेले आहे, आणि अजून वाचले जात आहे. म्हणून या विषयावरच्या पुस्तकाचे वय आधी बघायचे आणि लेखकाची ख्याती नंतर.

वय कसे ओळखायचे

मुखपृष्ठावरून वय कळत नाही. आतले मुद्रणाचे पान उघडा आणि पहिल्या आवृत्तीचे साल शोधा. 'पुनर्मुद्रण २०२१' एवढेच छापले असेल तर ते साल छापखान्याचे समजा. मग प्रस्तावनेखालची तारीख बघा आणि शेवटच्या संदर्भसूचीत सर्वांत अलीकडचे साल कोणते आहे ते शोधा. सूचीतले शेवटचे पुस्तक १९२० चे असेल, तर मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो, आतला मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण वॉलिस बज. ब्रिटिश म्युझियममध्ये काम केलेला हा विद्वान १९३४ मध्ये वारला. त्याच्या पुस्तकांचे हक्क संपलेले असल्याने ती कोणीही छापतो, आणि दुकानात 'इजिप्त' म्हणून जे स्वस्तात समोर येते ते पुष्कळदा त्याचेच असते. माणूस कष्टाळू होता, पण त्याच्या काळी भाषेचे व्याकरण पुरते बसलेले नव्हते. त्याचे शब्दांचे उच्चार आणि भाषांतरे आज अभ्यासक वापरत नाहीत. 'मृतांचे पुस्तक', म्हणजे मृताच्या पुढच्या प्रवासासाठीचे मंत्र, वाचायचे असेल तर रेमंड फॉकनरचे भाषांतर घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बजची पुस्तके घरात आधीच असतील तर चित्रांसाठी ठेवा, अर्थासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

साल कुठेच सापडले नाही, तर शेवटची शब्दसूची उघडून पुढचे तीन विषय तपासा. यात दहा मिनिटे जातात आणि पुस्तकाचा कस कळतो.

पहिला विषय पिरॅमिड बांधणाऱ्या माणसांचा. लाखभर गुलाम आणि चाबकाचे फटके असे चित्र असेल तर लेखक हिरोडोटसच्या पुढे गेलेला नाही. तो ग्रीक लेखक, गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड ज्याचा त्या खुफू राजानंतर दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेला होता. गिझाच्या पठाराशेजारी १९९० पासून कामगारांची दफनभूमी उकरली गेली. तिथे कबरी आहेत आणि मोडलेली हाडे नीट बसवून जुळल्याच्या खुणा सांगाड्यांवर आहेत. जवळच्या वस्तीत भट्ट्या सापडल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पुरातत्त्वज्ञ पिएर तालेच्या चमूला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची तुकडी घेऊन तो तुर्राच्या खाणीतला चुनखडक नावांतून गिझाला नेत असे, आणि कुठल्या दिवशी कुठे मुक्काम केला हेही त्याने लिहिले आहे. शब्दसूचीत 'मेरेर' सापडला तर पुस्तक २०१३ नंतरचे आहे आणि लेखक जागा आहे. त्याआधीच्या चांगल्या पुस्तकात मेरेर नसणार, हा त्याचा दोष नव्हे. पण कामगारांची वस्ती तरी असायलाच हवी.

दुसरा विषय तुतनखामुन या तरुण राजाच्या मृत्यूचा. १९६८ मधल्या क्ष-किरण चित्रात कवटीत हाडाचा तुकडा दिसला आणि डोक्यात घाव घालून खून झाला ही गोष्ट पसरली. २००५ मध्ये सीटी स्कॅन झाल्यावर तो घाव मृत्यूपूर्वीचा असल्याचा पुरावा राहिला नाही. खुनाची कथा ठामपणे सांगणारे पुस्तक एकतर जुने आहे किंवा खपासाठी लिहिलेले आहे. त्याचे थडगे उघडणाऱ्यांना शाप भोवला या कथेलाही हाच न्याय लावा. उत्खननाला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये डास चावल्याची जागा चिघळून वारला, हे खरे. पण १९२२ मध्ये ते थडगे ज्याने शोधले आणि पुढे कित्येक वर्षे त्यात काम केले तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. पुस्तकात पहिले वाक्य असेल आणि दुसरे नसेल, तर ते खाली ठेवा.

तिसरा विषय ममीचा. त्याकडे मुलांच्या पुस्तकांबरोबर येऊ, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

सनावळीतल्या फरकाला मात्र घाबरू नका. दुसऱ्या रामसेसचे राज्यारोहण एका पुस्तकात इ.स.पू. १३०४, दुसऱ्यात १२९० आणि तिसऱ्यात १२७९ असे दिसेल. हल्ली बहुतेक १२७९ धरतात. ही चूक नव्हे, गणनेच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. चांगला लेखक सुरुवातीलाच आपण कोणती सनावळी घेतली ते सांगतो.

चित्रे आणि त्यांखालच्या ओळी

चित्राखाली 'इजिप्शियन राणी' एवढेच लिहिले असेल तर त्या पुस्तकाचा उपयोग शोभेपुरता. वस्तू कुठे सापडली, आज कोणत्या संग्रहालयात आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, हे असले पाहिजे. ब्रिटिश म्युझियममधल्या वस्तूंना ईए अशी अक्षरे लागतात: रोझेटा शिळा ईए २४, आनीचा पपायरस ईए १०४७०. हा क्रमांक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर रोमन अक्षरांत टाकला की तीच वस्तू मोठ्या छायाचित्रासह समोर येते आणि लेखकाने सांगितले ते खरे की नाही हे घरबसल्या पडताळता येते. कार्टरच्या उत्खननाच्या नोंदी ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने अशाच सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

छपाईत छायाचित्र उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, गेले आहे का तेही बघा. तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्याचे चित्र बहुतेक पुस्तकांत असते. कपाळावर दोन डोकी आहेत, गिधाडाचे आणि नागाचे. आपल्या डाव्या हाताला गिधाड आणि उजव्या हाताला नाग दिसला पाहिजे. उलट दिसले तर चित्र फिरले आहे, आणि ज्या संपादकाला हे कळले नाही त्याने मजकूरही तितक्याच घाईने तपासला असणार.

आता त्याच राजाचे नाव कोरलेली लंबगोल चौकट, म्हणजे कार्टूश, असलेले पान काढा. चौकटीत सर्वांत आधी बोरूचे पाते, सोंगट्या मांडलेला पट आणि पाण्याची नागमोडी रेघ दिसेल. ही अक्षरे 'आमुन' या देवाची. त्यानंतर पावाचा छोटा अर्धगोल, लाव्ह्याचे पिलू, पुन्हा अर्धगोल, म्हणजे 'तुत', आणि मग वर फास असलेला क्रूस, म्हणजे 'अंख'. नाव वाचायचे 'तुत-अंख-आमुन' असे, पण लिहिताना देव आधी. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहून मगच मजकूर सुरू करणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुस्तक हे सांगत असेल तर लेखकाला लिपी येते. चित्राखाली नुसते 'राजाचे नाव' असेल तर बहुधा येत नाही.

लिपीबद्दल आणखी दोन गोष्टी तपासा. प्राणी-पक्ष्यांची तोंडे जिकडे वळलेली, तिकडून वाचायला सुरुवात करायची, हा नियम दिलेला हवा. 'उजवीकडून डावीकडे' एवढेच म्हटले असेल तर ते अर्धेच झाले. दुसरे असे की ही लिपी स्वर लिहीत नाही. आपल्या बाराखडीत काना-मात्रेने स्वर पक्का होतो. तिथे मधले 'अ', 'ए' आजच्या अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले असतात, म्हणूनच एकाच राजाची नावे आमेनहोटेप, अमुनहोतेप अशी निरनिराळी दिसतात. 'हायरोग्लिफमध्ये तुमचे नाव लिहा' असा तक्ता मुलांना खेळायला ठीक आहे, पण त्यात चोवीस-पंचवीसच चिन्हे असतात. या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या गार्डिनरच्या प्रसिद्ध चिन्हयादीत ती सातशेहून अधिक आहेत, आणि एकेक चिन्ह कधी एक, कधी दोन, कधी तीन व्यंजने सांगते, तर कधी नुसता अर्थ दाखवते.

मराठी आणि अनुवादित पुस्तके

मराठीत या विषयावर मूळ लेखन थोडे आहे आणि पुष्कळसे अनुवादित किंवा संकलित. मीना प्रभूंचे 'इजिप्तायन' हे प्रवासवर्णन आहे आणि तसेच वाचावे. जागा डोळ्यांसमोर येतात आणि भूक चाळवते. इतिहासासाठी त्याच्या जोडीला दुसरे पुस्तक हवे.

अनुवाद कितपत भरवशाचा हे चार ठिकाणी कळते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून 'वरचा इजिप्त' हा दक्षिणेचा भाग, नकाशात खाली. अनुवादकाने त्याला 'उत्तर इजिप्त' केले असेल तर पुढचा सगळा भूगोल उलटा झाला असे समजा. दुसरे ठिकाण राजांची नावे. खुफू आणि चिऑप्स, खाफ्रे आणि शेफ्रेन, मेनकौरे आणि मायसेरिनस या जोड्या एकाच माणसाची इजिप्शियन आणि ग्रीक नावे आहेत. घाईत केलेल्या संकलनात खुफू एका प्रकरणात आणि चिऑप्स दुसऱ्यात असे दोन राजे होऊन बसतात. गोव्यात जुन्या पोर्तुगीज पुस्तकांत तोच 'केऑप्स' म्हणून भेटेल. तिसरे, 'फॅरो' हा शब्द. त्याचा मूळ अर्थ 'मोठे घर', म्हणजे राजवाडा, आणि राजाला उद्देशून तो वापरात आला नव्या राज्याच्या काळात, खुफूनंतर हजारहून अधिक वर्षांनी. सवयीने सगळ्यांना फॅरो म्हटले तर चालते, पण लेखकाने एकदा तरी हे सांगितलेले असावे. चौथे, 'मृतांच्या पुस्तका'ला 'इजिप्तचे बायबल' किंवा 'तिकडचे गरुडपुराण' म्हटले आहे का ते बघा. ते एक ग्रंथ नाही. साधारण दोनशे मंत्रांच्या साठ्यातून ज्याला जेवढे परवडत तेवढे तो आपल्या गुंडाळीत लिहवून घेई, त्यामुळे दोन प्रती सारख्या नसतात.

मुलांसाठी घेताना

ममीचे पान आधी उघडा. एकूण विधी सत्तर दिवसांचा, त्यातले शरीर वाळवण्याचे दिवस साधारण चाळीस. 'सत्तर दिवस मिठात' हे हिरोडोटसवरून उचललेले असते. शिवाय ते साधे मीठ नव्हतेच. तो नॅट्रॉन, म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचे नैसर्गिक मिश्रण, वादी नत्रुनच्या आटलेल्या तळ्यांतून येणारे. गोव्यातल्या मुलांना तत्त्व चटकन पटते, कारण पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, खारवलेले बांगडे त्यांनी पाहिलेले असतात: क्षार पाणी ओढून घेतो आणि पाणी गेले की कुजणे थांबते. नॅट्रॉन त्याशिवाय चरबीही सोडवतो. हा फरक पुस्तकात असेल तर लेखकाने खरेच कष्ट घेतले आहेत.

मग चार बरण्यांचे चित्र बघा. माणसाच्या डोक्याची यकृतासाठी, वानराच्या डोक्याची फुप्फुसांसाठी, कोल्ह्याच्या डोक्याची जठरासाठी, ससाण्याच्या डोक्याची आतड्यांसाठी. हृदय बरणीत दाखवले असेल तर पुस्तक नको. ते शरीरातच ठेवत, कारण मेल्यानंतर देवांपुढे होणाऱ्या न्यायाच्या वेळी तेच सत्याच्या पिसाशी तोलले जायचे, असे ते मानत. हे चुकले की मुलाला तो पुढचा प्रसंगच समजत नाही.

आमच्या मते मुलांच्या पुस्तकात सोन्याइतकीच साधी माणसे हवीत. देर अल-मदीना या कारागिरांच्या गावातली एक चुनखडीची चपटी शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ईए ५६३४. ती दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाची हजेरी आहे. चाळीस जणांची नावे, आणि कोण कुठल्या दिवशी का आला नाही ते तांबड्या शाईत वर लिहिलेले: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळत होता, आईच्या पार्थिवाला वस्त्र गुंडाळत होता. याच गावच्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्य थकले म्हणून काम बंद केले, आणि त्याची नोंद तुरीनच्या पपायरसवर आहे. ही हजेरी किंवा हा संप ज्या पुस्तकात आहे ते मुलाच्या हाती निर्धास्त द्या.

मोठ्यांसाठी, कामाप्रमाणे

सगळा पट एका खंडात हवा असेल तर इयन शॉ संपादित 'द ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ एन्शंट इजिप्त' (२०००). प्रत्येक प्रकरण वेगळ्या तज्ज्ञाचे, भाषा थोडी कोरडी, पण पक्की. नकाशा शेजारी ठेवून वाचा. पिरॅमिडांसाठी मार्क लेनरचे 'द कम्प्लीट पिरॅमिड्स' (१९९७) आजही रेखाटनांसाठी उत्तम, मात्र मेरेरची रोजनिशी त्यानंतर सापडली हे लक्षात ठेवा. त्या लोकांच्या कथा, कविता, उपदेश त्यांच्याच शब्दांत वाचायचे असतील तर मिरियम लिख्टहाइमचे तीन खंड. लिपी शिकायची तर कोलियर आणि मॅन्ली यांचे पुस्तक, कारण ते पहिल्यापासून खऱ्या शिळांवर सराव करायला लावते आणि उत्तरे मागे देते. गार्डिनरचे व्याकरण पहिल्याच दिवशी घेऊ नका, लोक ते विकत घेतात आणि चौथ्या धड्यावर सोडतात.

टाळायची पुस्तके

परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधले असे सांगणारी पुस्तके मराठीतही भरपूर खपतात. अशा पुस्तकात स्नेफेरू शोधा. जोसेर राजाचा साठेक मीटर उंचीचा पायऱ्यांचा पिरॅमिड आधी झाला. मग खुफूच्या बापाने, स्नेफेरूने, मैदूमला प्रयत्न केला. दाहशूरला बांधताना उतार ५४ अंशांच्या आसपास धरला तेव्हा काम धोक्यात आले, म्हणून अर्ध्यावर तो ४३ वर आणला, आणि तो पिरॅमिड आजही वाकलेला दिसतो. त्यानंतर तांबडा पिरॅमिड सुरुवातीपासूनच ४३ अंशांनी बांधला. या सगळ्या शिकण्यानंतर खुफूचा १४६ मीटरचा उभा राहिला. चुका करत शिकणाऱ्या माणसांची ही साखळी वगळल्याशिवाय परग्रहवासीयांना जागाच मिळत नाही.

नावांच्या आवाजावरून नाते जोडणारी पुस्तकेही बाजूला ठेवा. 'रामसेस' म्हणजे राम नव्हे. ते 'रा-मेस-सू', सूर्यदेव रा याने ज्याला जन्म दिला तो. भारताशी इजिप्तचे खरे नाते वाचायचे असेल तर बेरेनिके या तांबड्या समुद्रावरच्या बंदराचे उत्खनन शोधा. तिथल्या देवळाच्या आवारात रोमन काळातल्या भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. फोंड्याच्या बागांत मिरीचे वेल पाहणाऱ्याला ही नोंद त्या आवाजाच्या कसरतींपेक्षा कितीतरी जवळची वाटेल.

जुने पुस्तक घेताना, आणि पावसाळ्यात

इजिप्तवरची सचित्र पुस्तके बहुधा चकचकीत आर्ट पेपरवर छापलेली असतात आणि गोव्याच्या हवेत हाच कागद सर्वांत आधी दगा देतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात असे पुस्तक मिळाले तर मधोमध उघडून वास घ्या. कुबट वास असेल तर बुरशी आत शिरलेली आहे. पाने अंगठ्याने भराभर सोडा. कुठे दोन पाने एकदम पडली तर तिथे ती चिकटली आहेत, आणि ओढून सोडवायला गेलात तर चित्राचा रंग समोरच्या पानावर जातो. शिवणीच्या बाजूला बारीक कुरतडल्याच्या खुणा आणि पुठ्ठ्यावर खरवडल्यासारखे डाग असतील तर कसर लागली आहे. असे पुस्तक घरी नेऊन थेट इतर पुस्तकांत ठेवू नका.

घरी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटे अंतर ठेवा. पुस्तके गच्च कोंबू नका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा दार उघडून पंखा लावा आणि सचित्र पुस्तके हातात घेऊन पाने मोकळी करा. सादळलेले पुस्तक उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो आणि रंग उडतो. आर्ट पेपरचे पुस्तक भिजलेच तर ते सुकायची वाट बघू नका: ओले असतानाच प्रत्येक दोन पानांत बटर पेपर घाला, आणि मगच पंख्याखाली उभे करून ठेवा.